शाळेच्या हिंद

आमच्या शेजाऱ्यांनी फाटकावर पाटी लावली आहे. वर कन्नड, खाली इंग्रजी, मजकूर एकच: शाळेसमोर, घर विकणे आहे. रोज दूध आणायला जाताना ती पाटी दिसते आणि रोज माझं डोकं फिरतं. घर विकतात म्हणून नाही. ज्याचं त्याचं घर, विका नाहीतर कवटाळून बसा. राग येतो तो त्या 'समोर'चा. माझा सगळा जन्म या गल्लीत गेला, आणि ही गल्ली शाळेच्या समोर कधीच नव्हती. ती शाळेच्या मागे होती.

मागे म्हणजे आमच्या इकडच्या कन्नडात हिंद, आणि पुढे म्हणजे मुंद. शाळेला साली म्हणतात. हुबळीत, आमच्या केशवापुरात रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा तर 'साली हिंद' एवढं पुरायचं. पुण्याकडचे पाहुणे हे ऐकून गालातल्या गालात हसायचे, पण रिक्षा बरोबर दारात यायची. घरात आम्ही मराठी बोलतो, तरी हा शब्द आमच्या मराठीत कायमचा येऊन बसला. 'कुठं राहता?' 'शाळेच्या हिंद.' ऐकणाऱ्याचा चेहरा जरा पडायचा, कारण हिंद राहणारे म्हणजे कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मी त्याच शाळेत शिकले. पहिल्यांदा झेंडावंदनाला उभी राहिले तेव्हा टीचर ओरडल्या, 'जय हिंद', आणि सगळी शाळा ओरडली, 'जय हिंद'. मला वाटलं, आमचाच जयजयकार चाललाय. शाळेच्या मागे राहणाऱ्यांचा. छाती फुगवून मी सगळ्यांत मोठ्यानं ओरडले. घरी येऊन आईला म्हटलं, आज सगळ्यांनी आपल्याला जय केलं, मुंदवाल्यांना कुणी केलं नाही. आई पोट धरून हसली. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पुढं कित्येक वर्षं मला त्यावरून चिडवायचा.

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ही जागा घेतली तीच मुळी हिंद म्हणून. ते कोर्टात कारकून, पुढच्या रस्त्यावरची जागा त्यांच्या आवाक्याबाहेरची. मागची स्वस्त होती, आणि का स्वस्त होती ते आम्ही रोज बघत होतो. समोर शाळेची मागची भिंत, पोपडे निघालेली. भिंतीच्या बुडाला उघडं गटार. दुपारच्या जेवणाचं खरकटं तिथंच पडायचं, तिथंच कुत्री जमायची. आणि कोपऱ्यात शाळेचा संडास, ज्याला दार नव्हतं. आधी होतं म्हणतात. मी तरी कधी पाहिलं नाही.

मुलगे भिंतीकडे तोंड करून मोकळे व्हायचे. मुलींनी काय करायचं? भिंतीला एक खिंडार होतं. त्यातून मुली गल्लीत यायच्या आणि आमच्या अंगणातल्या संडासात जायच्या. कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप पडलेली पद्धत. आई सकाळीच बादली भरून ठेवायची आणि फाटकाची कडी काढून ठेवायची. आई गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. पोस्टात नोकरीला होते तेव्हा जाण्याआधी बादली भरून जायची. निवृत्त झाल्यावर तर घरीच. मुली जोडीनं यायच्या, एक आत, एक बाहेर राखण. 'अक्का, बरली?' विचारायच्या, म्हणजे येऊ का. एवढ्याशा पोरींनी संडासाला जायला परवानगी मागायची, याचा मला तेव्हाही राग यायचा. पण राग येऊन करणार काय? बादली भरायची.

शेजारच्या साहेबांना हे मुळीच खपायचं नाही. साहेब म्हणजे आता पाटी लावलीय तेच. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, गल्ली त्यांना साहेबच म्हणते. ते मला म्हणायचे, 'तुम्ही या पोरींना सवय लावून ठेवलीत. सरकारी शाळेच्या मागं घर, त्यात दिवसभर ही ये-जा. उद्या विकायचं म्हटलं तर कोण घेणार?' मी म्हटलं, 'साहेब, लघवीला जायची सवय मी लावली नाही, देवानं लावली.' त्यानंतर काही महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. बरं वाटलं.

आमच्या घरामागं एक खोली आणि स्वयंपाकघर असं वेगळं बिऱ्हाड आहे. तिथं अळणावरकडच्या एका खेड्यातलं कुटुंब राहायचं. नवरा अमरगोळच्या मार्केट यार्डात हमाल, बायको एका खानावळीत सकाळी भाकऱ्या थापायला जायची. एकच मुलगी. तिची आई मला अक्का म्हणते म्हणून तीही अक्काच म्हणायची. माझ्या केसांकडे बघितलं तर आजी म्हणायला हवं होतं, पण मी काही दुरुस्त केलं नाही.

ही मुलगी आमच्या हिंदच्या शाळेत होती. हुशार की मठ्ठ, ते कुणालाच कळत नव्हतं, कारण कळायला जागाच नव्हती. एका खोलीत दोन इयत्ता, पाठीला पाठ लावून. इकडच्या टीचर पाढे घेताहेत, तिकडच्या कविता. पोरं दोन्ही ऐकायची आणि दोन्ही विसरायची. छताची कौलं सरकलेली, त्यामुळं पावसाळ्यात सगळी एका कोपऱ्यात गोळा. खिडक्या फळ्या ठोकून बंद केलेल्या. ही पुस्तक नाकाशी धरून वाचायची. टीचर म्हणाल्या, चष्मा लागणार. आईबापांनी सुट्टी काढून, दवाखान्यात रांग लावून डोळे तपासून घेतले. डोळे ठणठणीत. पोरीला चष्मा नको होता, उजेड हवा होता. मला वाटतं त्या दिवशी माझं डोकं खरं भडकलं. आंधळी पोर नव्हती, आंधळी शाळा होती.

मग आम्ही नव्या इमारतीसाठी अर्ज करायचं ठरवलं. आम्ही म्हणजे मागच्या बिऱ्हाडांतले आईबाप आणि मी. आमच्या गल्लीत प्रत्येक घरामागं एखादी भाड्याची खोली, आणि शाळेतली निम्मी पोरं त्या खोल्यांतली. घरमालकांच्या सह्या असल्या तर वजन पडेल म्हणून मी दारोदार गेले. जन्मभर जिथं हळदीकुंकवाला गेले, त्याच घरांत. चुरमुऱ्यांचं गिरमिट खायला घातलं, चहा दिला, सही दिली नाही. आमची मुलं पिवळ्या बसनं इंग्लिश मीडियमला जातात, आम्हाला काय त्याचं? एक बाई म्हणाल्या, शाळाच हलवली आणि तिथं बाग केली तर गल्लीला शोभा येईल. साहेब म्हणाले, 'भिंती नव्या केल्या म्हणून पोरं हुशार होतात का?' मी विचारलं, 'मग तुमच्या नातवाच्या शाळेत एसी कशाला?' त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

आणि आमचा अण्णा. तो धारवाडला राहतो, वकिली केली, आता घरीच असतो. हे घर अप्पांनी आम्हा दोघांच्या नावावर ठेवलं, म्हणून त्याचीही सही मागितली. म्हणाला, 'तू कशाला या भानगडीत पडतेस? शाळा पडू दे. पडली की जागेचं काहीतरी बरं होईल.' माझा सख्खा भाऊ. त्याच शाळेत शिकला, त्याच छताखाली भिजला.

आमच्या अर्जामुळं झालं की आणखी कशामुळं, देव जाणे, पण झालं. पैसे सरकारचे, थोडे जुन्या विद्यार्थ्यांचे. जुनी शाळा पाडली, पोरं तेवढ्यापुरती एका सभागृहात बसवली, आणि आमच्या दारासमोर खडी-वाळू येऊन पडली. ही मुलगी तेव्हा पाचवी संपवत होती. शाळा सातवीपर्यंत. रोज संध्याकाळी ती माझ्या पायरीवर बसून बांधकाम बघायची आणि विचारायची, 'अक्का, माझी सातवी हितं हुईल का?' मी म्हणायची, हुईल. गवंडी दोन दिवस दिसले नाहीत की तिचा चेहरा उतरायचा आणि माझाही. घरात लग्न निघाल्यासारख्या आम्ही दोघी त्या इमारतीच्या मागं लागलो होतो. जय हिंदचा माझा किस्सा मी तिला तिथंच सांगितला. तिला तो एवढा आवडला की जाता-येता पोर मला हात वर करून म्हणायची, 'अक्का, जय हिंद.'

पुढचा रस्ता रुंद झाला होता, गाड्या सुसाट जायच्या. म्हणून इंजिनियरनं फाटक फिरवलं. पोरांच्या जिवाला धोका नको म्हणून मुख्य फाटक आमच्या गल्लीत घेतलं. अगदी आमच्या दारासमोर. गटार बंदिस्त झालं, रस्त्याला काँक्रीट आलं, दिवे लागले. एवढं एक फाटक फिरलं, आणि हिंद होती ती गल्ली मुंद झाली.

जूनमध्ये शाळा नव्या इमारतीत भरली आणि ही सातवीत बसली. पहिल्या दिवशी धावत घरी आली ती वर्गाचं काही सांगायला नव्हे. माझा हात धरून म्हणाली, 'अक्का, कडी आतनं लागती.' मुलींच्या संडासाला दार होतं, दाराला कडी होती, नळाला पाणी होतं. त्या दिवशी मी सवयीनं भरलेली बादली संध्याकाळपर्यंत भरलेलीच राहिली. मी ती तुळशीला घातली, आणि मला रडू आलं. चांगलं, मोकळं रडू. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन मी तिला निळी पाण्याची बाटली आणली. म्हटलं, आता पी लागेल तेवढं पाणी.

वर्गात मोठ्या खिडक्या, एका खोलीत एकच इयत्ता. पोरीनं पुस्तक नाकापासून लांब नेलं. टीचर मला फाटकात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, गणितात हिला एवढं येतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. कसं असेल? साहेबांना हे सांगायला मी मुद्दाम त्यांच्या दारात गेले. ते एजंटाशी बोलत होते.

कारण आता एजंट येऊ लागले होते. पायी येत, गाडीतून येत, मोबाईलवर फोटो काढत. ज्या भिंतीमुळं घरं खपत नव्हती, तिच्याच जागी उभी राहिलेली शाळा आता घरांचा दागिना झाली. सही न देणारे सगळे 'आपली शाळा, आपली शाळा' करू लागले. जिला तिथं बाग हवी होती, ती बाई आलेल्या गिऱ्हाइकाला शाळेचा रंग दाखवत होती. भाव चढले. चढू देत. चांगली शाळा झाली की आजूबाजूच्या घरांना किंमत येते, हे मलाही कळतं, त्यात पाप नाही. पण पुढं काय झालं? मागच्या खोल्या पाडून फ्लॅट उठवायचे म्हणून सगळ्यांनी पहिल्यांदा भाडेकरू हलवले. एकेक बिऱ्हाड टेम्पोत बसून गेलं. ज्या पोरांसाठी शाळा बांधली, ती पोरं शाळा चांगली झाली म्हणूनच गल्लीतून गेली. हे असं कुठं असतं का?

मी निश्चिंत होते. आमचं बिऱ्हाड मी हलू देणार नव्हते. अण्णा पेढ्याचा पुडा घेऊन आला तेव्हाच मी ओळखलं. धारवाडचा माणूस हुबळीला पेढा आणतो तेव्हा त्याला काहीतरी हवं असतं. म्हणाला, 'आत्ता विकलं पाहिजे. असा भाव परत यायचा नाही. मागची खोली आधी रिकामी कर.' मी म्हटलं, 'पोरीची सातवी होईपर्यंत एक वीट हलायची नाही.' म्हणाला, 'भाडेकरूच्या पोरीसाठी?' मी म्हटलं, 'हो, भाडेकरूच्या पोरीसाठी. माझी सही लागते ना? मिळणार नाही.' त्यानं पेढ्याचा पुडा माझ्यापुढं सरकवला. चहा पिऊन शांतपणे गेला. तिथंच मला शंका यायला हवी होती.

पावसाळा अर्धा झाला असेल. एक दिवस सकाळी दारात टेम्पो. मागच्या बिऱ्हाडातली बाई डोक्यावर पदर घेऊन माझ्या पाया पडायला आली. मला काही उमजेना. म्हणाली, 'तुमाला सांगायला अवघड वाटत हुतं, म्हाईत हाय आमाला. म्हणून आमीच बगितलं दुसरीकडं. तुमी मनाला लावून घिऊ नका, अक्का.'

मी विचारलं, 'मला अवघड वाटत होतं, हे कुणी सांगितलं?'

अण्णा माझ्या घरातून उठला तो अमरगोळला गेला होता. यार्डात तिच्या नवऱ्याला गाठून, हातात हात घेऊन त्याला म्हणाला होता, बहिणीची पण इच्छा आहे विकायची, फक्त भिडेपोटी ती तुम्हाला सांगत नाही, तुम्हीच समजून घ्या. एवढंच. धमकी नाही, वकिलाची नोटीस नाही. त्यानं नुसती भीड वापरली. आमच्याकडं समोरच्याला अवघडायला नको म्हणून माणसं स्वतःचं नुकसान करून घेतात, हे अण्णाला पक्कं ठाऊक. ते बिचारे मला विचारायला आले नाहीत, कारण विचारणं म्हणजे मला लाजवणं. आणि मी इकडं पोरीच्या गणिताचं कौतुक करत बसले होते.

मी सांगितलं, माझी अशी काही इच्छा नाही, सामान उतरवा. नवरा पायरीखाली उभा होता. म्हणाला, 'अक्का, तुमी आज थांबवशीला. अण्णा परत येतील. बहीण-भाऊ भांडल्यावर मदी आमी. मी हो म्हटलोय त्यास्नी.' मी म्हटलं, पोर तरी माझ्याकडं ठेवा, सातवीपुरती. आई म्हणाली, एकच पोर हाय, अक्का. मुलगी टेम्पोत मागं, भांड्यांजवळ बसली होती, निळी बाटली गळ्यात अडकवून. शाळेच्या फाटकाकडे बघत होती. टेम्पो निघाला तेव्हा तिनं हात वर केला, पण काही म्हणाली नाही.

थोडे दिवस आईनं तिला तिकडून इकडं आणायचा प्रयत्न केला. भाकऱ्यांची वेळ आणि शाळेची वेळ एकच. एकटीला दोन बसा बदलून पाठवायला बाप तयार नाही, आणि मीही त्याला दोष देत नाही. शेवटी दाखला काढून तिकडच्याच एका शाळेत घातलं.

मी अण्णाला फोन केला. आयुष्यात भावाला जे बोलले नव्हते ते सगळं बोलले. तो मध्ये एकदाच म्हणाला, 'मी कुठं कुणाला जा म्हटलं? ते आपणहून गेले.' मी फोन ठेवला. सही मी दिलेली नाही, देणारही नाही. मागची खोली कुलूप लावून रिकामी पडली आहे. त्याला बसू दे भाव बघत.

सव्वीस जानेवारीला नव्या शाळेत झेंडावंदन झालं. साहेब खुर्चीवर, पहिल्या रांगेत, गळ्यात हार. इमारतीसाठी गल्लीनं किती कष्ट घेतले यावर त्यांनी भाषण केलं. मी फाटकाशी उभी राहून ऐकलं. मग सगळे ओरडले, 'जय हिंद.' मी फाटकातून बाहेर पडले. हिंदचं आता तिथं होतं कोण?

तिथूनच मी बस धरली आणि अमरगोळच्या पलीकडे त्यांच्या नव्या खोलीवर गेले. तिकडच्या शाळेत झेंडावंदनानंतर खेळ आणि कार्यक्रम होते, पोर अजून यायची होती. आईनं चहा टाकला. मी विचारलं, कशी आहे शाळा? म्हणाली, 'बरी हाय. पर ही पाणीच पिईना झालीया. बाटली भरून देतो, संध्याकाळी तशीच भरून आणती. रागावून बगितलं, गोड बोलून बगितलं.'

तेवढ्यात ती आली. मला बघून हसली, चपला काढून माझ्याशेजारी बसली. गळ्यातली निळी बाटली तिनं काढून ठेवली. मी हातात घेतली. जड होती, गळ्यापर्यंत भरलेली. मी विचारलं, 'का गं, पाणी का पीत नाहीस?'

आईकडे एकदा बघून ती हळूच म्हणाली, 'अक्का, ह्या शाळेच्या हिंद कुणाचं घरच न्हाई.'